बाईंची रविवारची तुकडी

बँकेच्या देवळाली प्रवरा शाखेत माझी बदली झाली. खोली शोधायला निघालो, तर घरमालकिणीने भाड्याचं बोलायच्या आधी मला भाकरी करून दाखवायला सांगितली.

घर बँकेतल्या शिपायाने सुचवलं होतं. चर्चच्या मागची गल्ली, निळं दार. दार उघडलं ते एका उंच, ताठ बाईंनी. वय सत्तरीच्या आसपास, अंगावर सुती साडी, पायात कॅनव्हासचे पांढरे बूट आणि गळ्यात काळ्या दोरीला अडकवलेली शिट्टी. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग खांद्यांकडे.

"सरळ उभा राहा," त्या म्हणाल्या. मी राहिलो. "जेवणाचं काय करणार?"

"डबा लावीन."

"मग खोली नाही."

मला स्वयंपाक येत नाही, घरी आई करायची, हॉस्टेलवर मेस होती, असं मी सांगून पाहिलं.

"येत नाही, ते चालतं. डबा चालत नाही. आत ये."

आत गेल्यावर त्यांनी परात, ज्वारीचं पीठ आणि गरम पाण्याचं भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि हाताची घडी घालून उभ्या राहिल्या. मी नागपूरचा. आमच्या घरात पोळी व्हायची. भाकरी मी खाल्ली होती ती ढाब्यावर. पीठ कसंबसं मळलं, थापलं, उचलायला गेलो तर अर्धी भाकरी हातात आली आणि अर्धी परातीत राहिली. बाईंनी दोन्ही तुकडे तव्यावर टाकले, नीट भाजले, वर कच्चं तेल आणि तिखट घातलं आणि ताटली माझ्या हातात दिली.

"खा. आपण केलेलं टाकायचं नसतं. सामान कधी आणतोस?"

बाई पी.टी.च्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण पहाटे उठून कवायत चालूच होती. गावातले निम्मे लोक त्यांचे विद्यार्थी आणि उरलेले विद्यार्थ्यांचे आईबाप किंवा पोरं, त्यामुळे त्यांना नावाने कुणीच हाक मारत नसे. नुसतं "बाई" म्हटलं की कोणत्या बाई, हे सगळ्या देवळालीला कळायचं. रस्त्याने जाताना पानटपरीवर पाठीत वाकून उभा असलेला एखादा माणूस दिसला की त्या शिट्टी वाजवायच्या. चांगला मोठा, मिशीवाला माणूस दचकून सरळ व्हायचा.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. का, ते कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. आई-वडील दोघंही मिशनच्या शाळेत शिकवायचे, ते कधीच गेले होते. घरात त्या एकट्या, आणि मागच्या खोलीत जो असेल तो भाडेकरू.

माझ्या आणि त्यांच्या स्वयंपाकघरात एकच भिंत होती, तीही वरपर्यंत गेलेली नव्हती. मी फोडणी टाकली की पलीकडून आवाज यायचा.

"मोहरी तडतडली नाही अजून. हळद कशाला टाकलीस?"

एकदा त्यांनी विचारलं, "काय करतोस रे?" मी आमच्या सवयीने म्हणालो, "भाजी करून राहिलो."

"राहू नकोस," पलीकडून आलं. "कर."

मी मोबाईलवर बघून करायचो, ते त्यांना मान्य नव्हतं. त्यांचा मोबाईलवर राग नव्हता. स्वतः भाचीशी तासन्‌तास व्हिडिओ कॉलवर बोलायच्या. पण त्या म्हणायच्या, "त्या मोबाईलमधल्या बाईने तुझं पीठ पाहिलंय का? तिला काय माहीत ते जुनं आहे की नवं? पाणी किती घालायचं ते पीठ सांगतं. त्याला विचार."

पदार्थ सोपा असला पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता. पिठलं, भाकरी, धिरडी, थालीपीठ, डाळ-वांगं, मेथीची गोळा भाजी, हुलग्याचे शेंगोळे. रविवारी मटण असायचं, पण ते त्या अगदी निरिच्छपणे करायच्या. "मटणाला काय, मसाला घातला की लोक गप्प बसतात," म्हणायच्या. "साधं पिठलं करून माणसाला गप्प बसवून दाखव." दमून आलेल्या माणसाला ताटावर बसायला फार वेळ लागता कामा नये, असं त्यांचं म्हणणं. ज्या भाजीला वाटण लागतं ती त्यांच्या मते सणाची भाजी.

लग्नकार्यातसुद्धा त्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेली भाकरी आणि ठेचा घेऊन जायच्या. सोनईच्या एका लग्नाला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. लांबलचक टेबलं मांडलेली, पनीरचे चार प्रकार, नूडल्सचा स्टॉल, जिलबीची कढई. बाईंनी वधूवरांवर अक्षता टाकल्या, आशीर्वाद दिला, एका कडेच्या खुर्चीवर बसून पर्स उघडली आणि भाकरी खायला लागल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. थोड्या वेळाने नवरीचे मामा आले. मला वाटलं, आता अपमान झाला म्हणून बोलणार. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची ओढली आणि हळूच विचारलं, "बाई, चतकोर हाय का शिल्लक? सकाळधरनं पंगतीच बघतोय, पोटात काय न्हाई."

तर रविवारची तुकडी. दर रविवारी दुपारी चार वाजता बाईंच्या स्वयंपाकघरात पुरुषांचा वर्ग भरायचा. मी तर भाडेकरू म्हणून सक्तीचा विद्यार्थी होतो. दुसरे एक निवृत्त कंपाउंडर होते, बायको जाऊन दोन वर्षं झालेले, अतिशय हळू बोलणारे. तिसरा साखर कारखान्यातला फिटर. त्याची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती आणि तिची बदली लांब झाली होती. फी काही नव्हती. पीठ ज्याचं त्याने आणायचं आणि केलेलं ज्याचं त्याने खायचं. पहिली बिघडलेली भाकरी कुत्र्याला घालायची परवानगी नव्हती. "कुत्र्याने काय पाप केलंय?" असं त्या विचारायच्या.

वर्ग शिट्टीवर चालायचा. भाकरी तव्यावर पडली, वरून पाण्याचा हात फिरवला, की बाई तव्याकडे बघत उभ्या राहायच्या. वरचं पाणी सुकत आलं की शिट्टी. त्या शिट्टीला भाकरी उलटली नाही तर ती चिरते, हे आम्ही सगळे अनुभवाने शिकलो. पीठ मळताना खांदे वर गेले की पाठीवर थाप बसायची. "भांडण नाही करायचं पिठाशी. तळहाताच्या टाचेने रेट, आणि श्वास सोड."

हे त्यांना निवृत्तीनंतर सुचलं असेल असं मला वाटत होतं. कंपाउंडरांनी खरं सांगितलं. नोकरीत असतानाच, मैदानात चिखल असला आणि कवायत घेता येत नसली, की बाई मुलांना वर्गात बसवून भाकरी शिकवायच्या. मुलींना नाही, मुलांना. रॉकेलचे स्टोव्ह स्वतः घरून न्यायच्या. पोरं खूश. पण घरी जाऊन एखाद्याने आईला म्हटलं, सरक, मी थापतो, आणि गावात चर्चा सुरू झाली. पोरांना बायकी करते, म्हणाले. शाळेच्या समितीवर तेव्हा गावाबाहेरच्या मळ्यातले एक मोठे बागायतदार होते. उसाचे चांगले दहा-बारा एकर, गावात शब्दाला वजन. त्यांनी बैठकीत विषय काढला आणि बाईंची बदली जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला, मिरजगावकडे झाली. घरी आजारी आई, आणि बाई तिकडे. बऱ्याच वर्षांनी त्या परत आल्या.

मी एकदा बाईंना मिरजगावाबद्दल विचारलं. त्या जरा आठवल्यासारखं करून म्हणाल्या, "तिकडची ज्वारी फार चांगली."

एवढंच.

आणि एका रविवारी ते बागायतदार दारात उभे राहिले. सगळे त्यांना आबा म्हणायचे. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी, पण काठी टेकायची गरज नसलेला माणूस. आम्ही तिघं परातीपुढे उकिडवे बसलेले. कंपाउंडरांनी त्यांना पाहिलं आणि त्यांचा हात पिठातच थांबला.

"बाई, आत येऊ का?" आबांनी विचारलं.

"या."

ते आत आले, पण बसले नाहीत. काठी या हातातून त्या हातात घेतली. "मालकीन गेली आमची. दिवाळीच्या आधी."

"कळलं मला. वाईट झालं."

"दोन सुना हायेत. चांगल्या हायेत, खोटं कशाला बोलू. ताट येतं. टायमावर येतं." ते थोडं थांबले. "पन भूक टायमावर लागत न्हाई. अन्‌ मागायची मला कदी सवय न्हाई. हिच्याकडं कदी मागावं लागलंच न्हाई, तिला आपसूक कळायचं. आता भूक लागली की सुनंला सांगायची लाज वाटती. मंग तसाच पडून ऱ्हातो."

मला वाटलं, आता बाई मिरजगाव काढणार. त्यांच्या जागी मी असतो तर काढलं असतं.

बाई पुढे झाल्या आणि त्यांनी आबांचे हात पाहिले, उलटसुलट करून, शाळेत पोरांचे बघायच्या तसे.

"नखं वाढलीत," त्या म्हणाल्या. "कापून या."

आबा गेले. कंपाउंडर कुजबुजले, "आता काही येत नाहीत ते." पण आबा कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले होते. अर्ध्या तासाने परत आले, नखं कापून, वर दाढीही करून. बाईंनी त्यांना परात दिली.

आबा वाईट विद्यार्थी होते. हात मोठे, बोटं जाड, आणि कुणी शिकवलेलं ऐकून घ्यायची सवय नाही. शिट्टी वाजली की पोरासारखे दचकायचे आणि भाकरी उलटायची विसरायचे. पण त्यांनी एकही रविवार चुकवला नाही. पिठलं जमलं, मग धिरडी जमली. एके दिवशी त्यांनी बाईंना विचारलं, "तुमी हे कशापायी करता? आमी तुमचे कोन?"

बाई शेंगोळ्यांचं पीठ मळत होत्या. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, मीठ घालून त्या त्याच्या लांब वळ्या करत होत्या आणि वेटोळी करून ताटात ठेवत होत्या. हात न थांबवता त्यांनी सांगितलं.

"आई गेली तेव्हा मी मिरजगावला होते. वडील इथं एकटे. शेजारचे द्यायचे, चर्चच्या मंडळीतले द्यायचे. माझे वडील कुणाला नाही म्हणायचे नाहीत, आणि कुणाकडे मागायचेही नाहीत. सुट्टीत मी आले तर त्यांच्या अंगावर कपडे लोंबत होते. घरात ज्वारीचं पोतं भरलेलं होतं. पीठही दळून ठेवलेलं होतं डब्यात. वर्ष काढलं नाही त्यांनी."

त्या वेळी बाई मिरजगावला का होत्या, हे तिथे सगळ्यांनाच माहीत होतं. बाईंनी ते ठरवून सुनावलं असं मला वाटलं नाही. विचारलं, म्हणून सांगितलं. आबांनी परातीतली एक वळी उचलली आणि तिचं वेटोळं करायला लागले.

"असं?" त्यांनी विचारलं.

"जरा बारीक," बाई म्हणाल्या. "जाड राहिली तर आत कच्ची राहते."

उन्हाळ्यात आबांची थोरली सून आली. स्कूटी गल्लीत लावली आणि थेट आत. तिशीची, काटक, उन्हाने रापलेली बाई. डोक्यावर पदर होता, पण आवाज चढलेला होता.

"बाई, तुमी आमच्या घरात कशाला लक्ष घालता? गावात काय बोलत्यात ठावं हाय का? म्हनं सुना खायला घालीत न्हाईत म्हनून म्हातारा मास्तरनीकडं भाकऱ्या थापायला जातो. माझ्या माहेरपातूर गेलीय ही गोष्ट. मी काय उपाशी ठिवलं का त्यांना?"

आबा तिथेच, ओट्याजवळ, पिठाच्या हातांनी उभे होते.

"नाही ठेवलंस," बाई म्हणाल्या. "ते स्वतः इथं सगळ्यांसमोर सांगतात की सुना चांगल्या आहेत. बस जरा. तू जेवलीस का?"

"मी जेवाय न्हाई आले."

"आज किती वाजता जेवलीस ते विचारते आहे."

चार वाजून गेले होते. "पाव्हने हुते," ती म्हणाली. "मंग मजुरांचं हुतं. राहिलं."

बाईंनी पाट मांडला. ती नको नको म्हणत बसली, कदाचित पाय दुखत असतील म्हणूनच. आबांनी तव्यावर भाकरी टाकली. बाईंनी शिट्टी वाजवली नाही त्या वेळी, पण आबांनी बरोबर उलटली. तवा उतरवून विस्तवावर धरली तर टम्म फुगली. त्यांनी ताटात भाकरी ठेवली, पिठलं वाढलं, कांदा फोडला आणि ताट घेऊन सुनेपुढे वाकले.

ती चटकन उभी राहिली. "आबा, तुमी नका. मी घेते."

"बस गं. हात पिठाचेच हायेत, आता वाढूनच हुंदे."

ती बसली. पहिला घास तिने खाली मान घालून खाल्ला, मग दुसरा. आम्ही तिघं भिंतीकडे बघत आपापलं पीठ उगाच मळत होतो. सासरच्या पुरुषाच्या हातचं ताट तिला आयुष्यात आलं नसणार. अर्धी भाकरी झाल्यावर आबांनी विचारलं, "जमलंय का?"

तिने पदराच्या टोकाने डोळे पुसले आणि म्हणाली, "पिठल्यात मीठ कमी हाय."

"कमी हाय व्हय?" आबा एकदम खूश झाले. लग्न होऊन आल्यापासून त्या सुनेने त्यांना एवढं सरळ उत्तर कधी दिलं नव्हतं, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. घरी आबांचे दोन्ही मुलगे थोडे कुरकुरले, पण थोरल्या सुनेने ते मिटवलं. आबांच्या खोलीबाहेरच्या पडवीत तिने स्वतः मातीची चूल घालून दिली. पाहुणे असले की ती आता म्हणायची, भाकऱ्यांचं आबा बघतील, आणि पाहुण्यांना ते खोटं वाटायचं.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी बाई अंगणातल्या शेवाळावरून घसरल्या. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर आलं. आजारी माणूस म्हणून त्या फार वाईट होत्या. मी आणि फिटर आळीपाळीने त्यांना करून घालत होतो, आणि त्या चव घेऊन आम्हाला गुण देत होत्या. माझ्या आमटीला त्यांनी "पुन्हा बसा" असा शेरा दिला.

खरी अडचण शनिवारी आली. महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांच्या चर्चमध्ये प्रभुभोजन असतं. त्यात वेदीवर पाव लागतो, त्याचे तुकडे मंडळीत सगळ्यांना देतात. तो पाव बाईंच्या घरून जायचा. आधी आई करायची, मग त्या करू लागल्या. मैद्यात थोडी कणीक, यीस्ट, चिमूटभर साखर. पीठ फुगलं की ते जुन्या पत्र्याच्या डब्यात घालायच्या. चुलीवर मोठं पातेलं, त्यात वाळू, वाळूवर डबा, वरून झाकण आणि झाकणावर निखारे. ओव्हन त्यांनी कधी घेतला नाही.

त्या दिवशी बँकेतून आलो तर बाई डाव्या हाताने एकट्याच पीठ मळत होत्या. परात सरकत होती आणि त्या तिला गुडघ्याने अडवत होत्या. कपाळावर घाम होता. मी म्हटलं, मी मळतो. त्या म्हणाल्या, "तुझ्या हातात जोर नाही. पाव दगड होईल." माझ्या हातात जोर नव्हता, हे खरं होतं.

तेवढ्यात आबा आले, मळ्यातल्या मेथीच्या जुड्या घेऊन. त्यांनी एक मिनिट ते पाहिलं, जुड्या खाली ठेवल्या आणि बाह्या वर केल्या.

"सरका," ते म्हणाले. मग मोरीकडे जाताजाता थांबले. "बाई, हे देवाचं हाय न्हवं? माझा हात लागलेला चालंल का तुमच्यात?"

एरवी मला तो साधा प्रश्न वाटला असता. पण आबांनीच मागे एकदा मला सांगितलं होतं की त्यांचे वडील या गल्लीतून जाताना घोटभर पाणीसुद्धा घ्यायचे नाहीत. बाईंच्या आजोबांना आबांच्या विहिरीवर चढू दिलेलं नव्हतं. आता त्याच घरातला माणूस या घरात हात धुवायला उभा होता आणि विचारत होता, चालेल का.

"साबणाने धुवा," बाई म्हणाल्या. "कोपरापर्यंत."

आबांनी पीठ मळलं. ओल्या फडक्याखाली ते फुगत ठेवलं होतं, तेव्हा चर्चचा कारभार बघणारे मंडळीचे एक पंच आले. बाईंचा हात मोडलाय तर पाव बेकरीतून आणू का, विचारायला. गावातलेच गृहस्थ, चांगला माणूस, पण काळजीखोर. त्यांनी परात पाहिली, आबांचे पिठाचे हात पाहिले आणि आवाज खाली आणला.

"बाई, माझं काही नाही. पण मंडळीत कुणी विचारलं तर?"

"मी मिरजगावला होते तेव्हा पाव कुठून आणायचात?"

"बेकरीतून."

"तो कोण मळायचं?"

"ते कसं कळणार?"

"मग हे निदान तुम्हाला कळलंय. हात धुताना मी समोर उभी होते."

"तसं नाही, पाळकांच्या कानावर घालायला हवं."

"घाला," बाई म्हणाल्या. "निरोप काय तो सकाळी द्या. पाव तर होऊ दे."

पंच चर्चच्या धर्मगुरूंना, पाळकांना, सांगायला गेले. आबांचा चेहरा पडला होता. "माझ्यापायी तुमचं बिघडायचं," ते म्हणाले. "आना बेकरीतून."

"निखारे सारखे करा," बाई म्हणाल्या. पण त्याही नेहमीपेक्षा कमी बोलत होत्या. एवढी वर्षं जो पाव त्यांच्या घरातून गेला, तो उद्या वेदीवरून बाजूला काढला गेला तर त्या काय करतील, हे मला कळत नव्हतं. पाव झाला. वरून चांगला लाल, एका कडेला जरा जास्तच.

सकाळी निरोप काही आला नाही. बाईंनी पाव पांढऱ्या रुमालात गुंडाळला, गळ्यात हात बांधलेला तशाच निघाल्या आणि चर्चमध्ये गेल्या. आबा आत गेले नाहीत. मी त्यांच्याबरोबर बाहेर कडुनिंबाच्या पारावर बसलो. चपला काढून ते मांडी घालून बसले होते, देवळात बसावं तसे. आतून गाणी ऐकू येत होती. मग गाणी थांबली आणि बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"काय चाललं आसंल?" आबांनी विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

शेवटी दारं उघडली. माणसं बाहेर आली, एकमेकांना सलाम करत गप्पा मारत उभी राहिली. पंच गर्दीतून वाट काढत सरळ आमच्याकडे आले. आबा उठून उभे राहिले.

"पाळकांना मी सगळं सांगितलं," पंच म्हणाले. "ते म्हणाले, बरं झालं सांगितलंत. आणि मग प्रार्थनेत त्यांनी पाव हातात घेऊन म्हटलं, प्रभू, ज्या हातांनी हा मळला त्या हातांना आशीर्वाद दे." ते जरा अडखळले. "नाव नाही घेतलं. पण मला वाटलं, तुम्हाला कळवावं."

आबांनी मान डोलावली. मग ते टोपी नीट करत राहिले.

"मऊ होता," पंच म्हणाले. "कडेला जरा करपला होता, पण मऊ होता."

"निखारे एका अंगाला झाले होते," बाई मागून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलं नव्हतं. त्यांचे डोळे लाल होते, आवाज मात्र नेहमीचा. "पंच, आज चार वाजता तुम्हीपण या. पीठ घेऊन या."

पंच हसले. "मला काय करायचंय बाई? माझी बायको आहे घरी."

"म्हणून तर आत्ता या."

पंच अजून हसतच होते. आबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"या तुमी," आबा म्हणाले. "मला लई उशीर झाला. ती हुती तवा यायला पायजे हुतं. एक भाकरी तरी तिनं माझ्या हातची खाल्ली असती."

पंचांचं हसू थांबलं. त्यांनी चर्चच्या पायऱ्यांकडे पाहिलं. तिथे त्यांची बायको दुसऱ्या बायकांशी बोलत उभी होती, आणि तिला काहीच माहीत नव्हतं.